आप्पांचा हात आणि चष्म्यातला हात

किस्से आपण जमवत नाही, ते जमतात. रत्नागिरीत माझं छोटं फिजिओथेरपी सेंटर आहे. तिथे व्हीआरचा चष्मा आला आणि किश्शांना ऊतच आला. तो घातला की समोर आंब्याचं झाड आणि आपला हात दिसतो. खरा हात हलवला की चित्रातला जरा मागाहून हलतो. हे सगळं बसवणारी देवरूखची सायली म्हणते, "सर, थोडा लॅग आहे."

थोडा म्हणे! मी आंबा धरायला गेलो, हात भलतीकडेच गेला आणि तिचा चहा सांडला.

*

गणिताच्या एक निवृत्त बाई आखडलेल्या खांद्यासाठी यायच्या. चित्रातला हात रेंगाळला, तशा त्या त्याच्यावरच खेकसल्या, "हात वर म्हटलं की लगेच वर करायचा!"

सायलीने मुकाट्याने हात वर केला.

*

लॅगमुळे सगळ्यांचाच हात आंब्याच्या पुढे जातो. आप्पांचा पहिल्या दिवशीही गेला नाही. आप्पा हातखंब्याकडचे बागायतदार. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेला, म्हणून आधी डाव्याने खेळले.

"अगो, आंबे काढायच्या झेल्याची काठी केवढी लांब," ते सायलीला म्हणाले. "इथं हलवली की टोकाची जाळी मागाहून पोचते. तवर थांबायचं."

पण डावा हात जेवायला त्यांना चालत नव्हता. चमचाही नको. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, भरवायच्या, तेही दार लावून. उजव्या हाताने जेवता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

*

काही महिन्यांनी सायलीने लॅग काढला. तोवर आप्पांचा उजवा हात जरा हलू लागला होता.

"आता मशीन उशीर करत नाही हं," ती खुशीत म्हणाली.

आप्पांनी उजवा हात उचलला. चित्रातला हात तरी सावकाशच वर आला.

"मग आता उशीर कोण करतंय?"

सायली उगाच वायर तपासू लागली.

"म्हणजे मीच," आप्पा म्हणाले. "मग हरकत नाय. मला थांबता येतं."

*

परवा काकींनी डबा सेंटरमध्येच उघडला. आमटीभात होता. त्या दार लावायला उठल्या, तर आप्पांनी बसवलं. उजव्या हाताने घास केला, उचलला, आणि स्वतःच्या तोंडाकडे न नेता काकींकडे वळवला. काकी आ करून थांबल्या, बराच वेळ. घास पोचेपर्यंत निम्मा त्यांच्या साडीवर सांडला. आप्पा वरमले.

"सांडू दे," काकी म्हणाल्या. "लग्नात भरवला होतात, त्यानंतर आजच. दुसरा करा."