आनंदाबाईंचा डावा पाय

माझ्या सासूबाई, आनंदाबाई, भंडाऱ्याजवळच्या करडी गावातल्या, धानाच्या रोवणीच्या टोळीच्या मुख्य. चौदा बायांची टोळी. कोणाच्या बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या वाफ्यात, आधी धान रोवायचं, पऱ्हे, म्हणजे रोपं, कोण उपटणार, कोणाची कंबर दुखते म्हणून तिला हलकं काम द्यायचं, हे सगळं त्याच ठरवतात. मी जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला चिखलात धड उभंही राहता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी पडले. सगळ्या बाया हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पाय चिखलात दाबून ठेव, पोरी. उचलशीन तं पडशीन," एवढंच म्हणाल्या.

त्यांची एक सवय मला विचित्र वाटायची. सकाळी सगळ्यांच्या आधी त्या बांधीत उतरायच्या आणि संध्याकाळी सगळ्या निघून गेल्यावर वर यायच्या. पायही एकट्याच धुवायच्या. मला वाटायचं, कामाची फार ओढ आहे. खरं कारण चार वर्षांनी कळलं.

मे महिना होता. न्हाणीतून त्यांचा आवाज आला. अगदी शांत. "मेघा, एखांदं फडकं आण वो."

मी फडकं घेऊन गेले आणि दारातच थिजले. त्यांच्या डाव्या घोट्याच्या वरून रक्ताची बारीक धार सरळ समोरच्या भिंतीवर उडत होती. त्या पाटावर बसून तिच्याकडे बघत होत्या, जणू नळ कोणी उघडा टाकलाय.

"काई नाई, खपली निघाली," त्या म्हणाल्या.

त्यांना तिथेच आडवं केलं, पाय उलट्या बादलीवर ठेवला आणि फडक्याने जोरात दाबून धरलं. तेव्हा पहिल्यांदा मी तो पाय नीट पाहिला. मांडीपासून खालपर्यंत निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा. घोट्यापाशी कातडी काळी पडलेली, आणि मधोमध जुनी जखम.

"आई, हे कधीपासून?"

"वीरेंद्र झाला तवापासून."

वीरेंद्र म्हणजे माझा नवरा. वय एकतीस.

रक्त थांबलं. वीरेंद्रने ऑटो आणला, भंडाऱ्याला दवाखान्यात पट्टी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पट्टीने हे बरं होणार नाही, नागपूरला शिरांच्या डॉक्टरांना दाखवा. घरी आल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "मी नाई येत."

"काहून?" वीरेंद्र चिडला.

"माह्या मोठ्या जाऊचा पाय याच शिरांपायी जांघीपासून चिरला होता. महिनाभर खाटेवर होती. अन रोवणा का तुहा बाप करीन?"

माझे सासरे तेजराम अंगणात दोरी वळत होते. ते मान वर न करता म्हणाले, "करीन ना. पर तू जा."

लग्नाला तेहतीस वर्षं झालेली. सासऱ्यांनी त्यांना 'जा' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही ऐकलं नसावं. दुसऱ्या दिवशी त्या गपचूप लुगडं बदलून तयार झाल्या.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना उभं करून पायावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. मग समजावलं, "पायातलं रक्त वर चढतं, आजी. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत बारीक पडदे असतात. तुमच्या या एका शिरेतले पडदे खराब झालेत. रक्त खाली साचतं, म्हणून जखम भरत नाही."

"मंग चिराचा का?"

"नाही. गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत बारीक तार सरकवायची, लेझरने आतून शेकून ती शीर बंद करायची. पाय तेवढा बधिर करू. तुम्ही जाग्या असाल, आणि त्याच दिवशी चालत घरी जाल."

"शीर बंद केली तं रक्त जाईन कुठून?"

"आत चांगल्या शिरा आहेत, तिकडून."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे फुटका पाट बुजवाचा, अन पाणी दुसऱ्या पाटानं काढाचं."

"बरोबर तेच!" डॉक्टरीणबाई हसल्या.

शीर बंद करायला पाऊण तास लागला. मी बाहेर नखं खात बसले होते. आत त्यांनी डॉक्टरीणबाईंना रोवणीबद्दल इतकं सांगितलं, की बाहेर आल्यावर नर्स मला विचारत होती, "तुमच्याकडे खरंच ओळी दोरीशिवाय सरळ येतात?" बधिर करायच्या सुया टोचल्या तेवढंच दुखलं म्हणे. खालच्या लहान शिरा बंद करायला नंतर त्यांत फेसासारख्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं होतं.

खरी लढाई मोज्याची झाली. शिरा दाबून धरायला दिवसभर घालायचा मांडीपर्यंतचा घट्ट मोजा, जून महिन्याच्या उकाड्यात. तो चढवताना आम्ही दोघी घामाघूम व्हायचो. "हा का मोजा होय? सापाची कात होय," त्या करवादायच्या. पण एकही दिवस चुकवला नाही.

जखम भरेपर्यंत चिखलात जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्या वर्षी रोवणीला सासूबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसल्या आणि तिथूनच ओरडत राहिल्या. "गुड्डी, ओळ वाकडी होऊन राहिली! मेघा, पऱ्हे दाट नको लावू!" सासरे खरंच बांधीत उतरले होते, आणि सगळ्यात जास्त बोलणी त्यांनीच खाल्ली.

एका दुपारी जेवणं झाल्यावर टोळीतली रिता त्यांच्या खुर्चीजवळ घुटमळली. चाळिशीची, फार कमी बोलणारी बाई. हळूच म्हणाली, "आत्या, ते सुई लय दुखते का वो?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सरळ वर केलं. त्याच निळ्या, गाठी पडलेल्या शिरा.

"कितीक वर्सं झाले?"

"आठ-नऊ."

"अन सांगितलं काहून नाई? अक्कल आहे का नाई तुले?" सासूबाई भडकल्या. मला हसू आवरेना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बांधीत उतरले.

दिवाळीपर्यंत त्यांची जखम भरली. कातडी अजून काळसर आहे, ती तशीच राहील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजव्या पायावरही लक्ष ठेवायला सांगितलंय. संध्याकाळी पाय जड होतो का, विचारलं तर म्हणतात, "वय झालं तं होईनच थोडा."

डिसेंबरात रिताला नागपूरला नेलं ते त्यांनीच. मी सोबत होते, रिताचा नवराही होता. शीर बंद करून रिता बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला अर्धा तास चालायला सांगितलं. ती भिंत धरून बिचकत उभी राहिली. सासूबाईंनी तिचा हात भिंतीवरून सोडवून आपल्या हातात घेतला. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात दोघी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या, आणि सासूबाई सारख्या म्हणत होत्या, "बिनधास टाक पाय. टाक ना वो. मी आहो."