कीबोर्डाची आयुधपूजा

यंत्र दिसलं की ते खोलावंसं वाटणं, हा गुंडुरावांचा जुना आजार. घराणं रंगाऱ्यांचं, आजोबा कापडावर ठसे मारायचे. पण नातवाचा जन्म गेला मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात, लेथपुढं. तिथं आयुधपूजेची रीत कडक होती. यंत्राचा जेवढा भाग सुटतो तेवढा सोडवायचा, पुसायचा, तेल द्यायचं आणि मग गंध-कुंकू. वरवर फडकं फिरवून झेंडू वाहणाऱ्याला गुंडुराव माणसात धरत नसत. निवृत्त होऊन सरस्वतीपुरमच्या घरी बसले तरी खोड गेली नाही. नवमी आली की स्कूटर, मिक्सर, विळी, शिलाई मशीन, झाडून सगळ्यांची अंघोळ.

यंदा सून आभानं आधीच बजावलं होतं. आभा नागपूरची, बोलायला गोड पण स्पष्ट. पोरीच्या वेळी बाळंतपणात सुटलेली नोकरी तिला पुन्हा धरायची होती, आणि दसऱ्याची सुट्टी संपली की लगेच तिची ऑनलाइन परीक्षा होती. बाबा, कॉम्प्युटरला लांबूनच फूल वाहा, असं तिनं सांगितलं आणि ह्यांनी मान डोलावली. कसली मान अन् कसलं काय! ती अंघोळीला गेली आणि ह्यांचे हात शिवशिवले. कीबोर्ड उलटा करून झाडला, पुसला. कॉम्प्युटरच्या मागं नखाएवढा एक तुकडा खोचलेला दिसला. सुटतोय म्हटल्यावर तोही सोडवला, पुसला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला. कारखान्यातही बारीक भाग खिशातच राहायचे. तेवढ्यात दारात दृष्टीचा कोहळा फोडायला मुलानं हाक मारली. गेले. तो तुकडा डोक्यातून उतरला तो उतरलाच. पूजेचा सदरा खुंटीला लागला.

पुढं सुट्टीत पाहुणे आले, सगळ्यांना घेऊन बैलकुप्प्याचे तिबेटी मठ पाहून झाले. आभा अभ्यास फोनवरच करत होती, त्यामुळे कॉम्प्युटर लावायची कुणाला गरज पडली नाही.

परीक्षेच्या सकाळी लावला, तर कीबोर्ड मुका. एक अक्षर उमटेना. वायरचा माउस नीट चालत होता, पण कीबोर्ड नावाची वस्तू जोडलेलीच नाही, असं कॉम्प्युटरचं म्हणणं. आभानं बॅटऱ्या बदलल्या, बंद करून चालू केला, सेटिंगमध्ये जाऊन शोधलं. शेवटी दुरुस्तीवाल्या किरणकुमारला फोन लावला. त्यानं एवढंच विचारलं, की मागचा बारका रिसीव्हर जागेवर आहे ना? बिनवायरचा कीबोर्ड सगळा त्याच्यावरच चालतो. पाहिलं तर जागा रिकामी.

"इथं कुणी आवरलं होतं?" आभानं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण डोळे घड्याळाकडं होते.

गुंडुराव तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी सांगून टाकलं, "मीच पुसलं होतं टेबल. अय्यो, माझ्याच हातनं पडलं असणार."

आता इंदिराबाईंचं असं झालं होतं, की अलीकडं त्या विसरायला लागल्या होत्या. चहात दोनदा साखर पडायची. एकदा सख्ख्या बहिणीचं नाव आठवेना म्हणून रडल्या होत्या. डॉक्टर वयाचं आहे म्हणाले, पण तेव्हापासून घरात काही हरवलं की सगळ्यांच्या नजरा आधी त्यांच्याकडं वळत. त्यांना स्वतःलाही आधी स्वतःचाच संशय येई. राहू द्या आई, शोधू, असं आभा म्हणाली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी इंदिराबाई टेबलाखाली शिरल्या. भिंतीलगतची फट त्यांनी टॉर्च मारून पाहिली, हात घालून चाचपली.

गुंडुराव आतल्या खोलीत गेले. खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा दाबून पाहिला. तुकडा आतच होता! तसंच बाहेर येऊन हात पुढं केला असता तर काय बिघडलं असतं? सून दोन शब्द बोलली असती, बस. पण लाजले. सुनेला मान डोलावून फसवलं, तिची परीक्षा बुडायची वेळ आणली, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तुकडा मुठीत लपवून ते बाहेर आले. बायको पाणी प्यायला उठली तसे वाकले, मूठ फटीत घातली आणि म्हणाले, "हा बघ. इथं पडलाय."

आभाचा जीव भांड्यात पडला. रिसीव्हर खोचला, अक्षरं उमटली, खोलीचं दार लागलं.

इंदिराबाई मात्र तिथंच उभ्या होत्या. "मी आत्ता तिथं हात घातला होता," त्या हळूच म्हणाल्या. "टॉर्चसुद्धा मारला. काही नव्हतं हो." मग स्वतःलाच समजावत, "असेल. मलाच दिसलं नसेल."

आपण काय करून बसलो ते गुंडुरावांना तेव्हा कळलं. विसरणं निराळं, ह्यांनी तर तिला तिच्या डोळ्यांवरही भरवसा ठेवू दिला नाही. स्वतःची किळस आली त्यांना.

जेवताना आभा खुशीत होती, पेपर चांगला गेला होता. इंदिराबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, की आजपासून रक्षिताला शाळेच्या बसवरून आणायला मी जाणार नाही. नातीला आणायला जायचं म्हणजे इंदिराबाईंचा रोजचा सण. त्यासाठी त्या साडी बदलत, गजरा माळत, बसच्या कितीतरी आधी कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहत. आभानं का म्हणून विचारलं.

"रस्त्यात तिचा हात सोडला आणि विसरले, तर?"

गुंडुरावांनी ताट बाजूला सारलं. दुपारी आभा जरा पडली, तसे ते बायकोजवळ व्हरांड्यात जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. पूजेच्या दिवशी तुकडा आपणच काढला, खिशात विसरला, मुठीत लपवून फटीत नेला. तुझा हात बरोबर होता, तिथं खरंच काही नव्हतं. इंदिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, सोडा. मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलाल?"

"देवाशपथ, इंदिरा. मीच."

"पातेलं जळून घर धुरानं भरलं, तेव्हाही गॅस मीच विसरलो म्हणालात. मला काय कळलं नव्हतं होय?"

ते खरं होतं. तेव्हा गुंडुराव तिच्यासाठी खोटं बोलले होते, आणि किती सराईतपणे. आता त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, पण इंदिराबाई लहान मुलाकडं बघावं तशा हसून बघत होत्या.

"चला, उठा," इंदिराबाई म्हणाल्या. "पोरीची बस येईल, दोघं जाऊ. आता दोघांत एकाला तरी नीट आठवायला हवं."