बैलानं नाकारलेलं पाणी

साठ सालानंतर काही वर्षं अमरावतीला आमच्या दारी एक भाजीवाला यायचा. त्याचा मळा शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यावर होता, आणि हे तो अभिमानाने सांगायचा. "आयतं खत हाये, मास्तर!" पालकाची जुडी देण्याआधी एक पान स्वतः चावून पाही, मगच जुडी माझ्या हातात ठेवी.

एकदा तो रिकामी टोपली घेऊन आला. नाल्याच्या वरच्या अंगाला भांड्यांना मुलामा देणारा कारखाना निघाला होता. पाण्यावर निळसर तवंग यायला लागला, तसा याने उभा पालक उपटून टाकला होता.

"का बुवा?" मी विचारलं.

"बैलानं त्या पाण्याले तोंड नाई लावलं. मंग तुमाले कसा खाऊ घालू?"

त्याच्या सचोटीचं आम्ही घरात खूप कौतुक केलं.

आठवड्याने मी दुसऱ्याकडून पालक घेत होतो. त्याचाही मळा त्याच नाल्यावर होता, पण पालक मोठा टवटवीत दिसत होता. तेवढ्यात हा समोरून आला. त्याने जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"धुऊन घ्या, मास्तर," तो म्हणाला. "धुतल्यानं जाते असं नाई. पण तुमाले बरं वाटंन."