बैलाचा फोटो आणि रिमोटचे सेल

नारायणगावच्या दुकानदाराने कॅमेरा देताना दोनदा विचारलं होतं, "भाऊ, मेमरी कार्ड अन् चार्जिंगचे सेल देऊ का?"

मी पडलो शहाणा. म्हटलं, "आत मेमरी हाये ना? मग बास की."

पुढच्याच आठवड्यात वडील आमचा शेवटचा बैल विकायला बेल्ह्याच्या बाजारात निघाले. त्यांचं मागणं एकच होतं, बैलासोबत एक फोटो.

सौदा झाला. वडील टोपी सारखी करून, बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मी बटण दाबलं, तर पडद्यावर 'मेमरी फुल'. आत सगळे माझेच फोटो, आरशासमोर काढलेले. ते घाईघाईने पुसायला लागलो, तोच टीव्हीच्या रिमोटमधून काढून घातलेले सेल संपले. मी ते शर्टाला घासले, दातांनी चावले, उलटसुलट घातले. कॅमेरा जेमतेम डोळा उघडायचा आणि लगेच मिटायचा.

"आवरा राव, लांब जायचंय!" घेणारा टेम्पोतून ओरडला.

बैल चढला. टेम्पो गेला.

"आला का रं?" वडिलांनी विचारलं.

"लई भारी आला."

"मग मोठा करून आण. गोठ्यात लावू."

अजून मी त्यांना सांगतोय, फोटोवाल्याचं दुकान बंद आहे.