देवळामागची खोली

ओल्या घोंगडीचा वास आला की मला बडोद्यातलं ते राममंदिर आठवतं. सयाजीराव महाराजांच्या अमदानीत एकदा विश्वामित्रीला पूर आला आणि काठावरची घरं वाहून गेली, तेव्हा पुजाऱ्याने तिथली कुटुंबं सभामंडपात घेतली होती. मी मदतीला गेले होते आणि दुपारी खिचडी वाढत होते. खांबाला टेकलेल्या एका गरोदर बाईने दातांत पदर धरला होता. ती जेवायला नको म्हणाली. शेजारच्या म्हातारीने तिच्या पोटाला हात लावला. “आने तो सवारनुं दुखे छे,” ती म्हणाली, “बोलती केम नथी?” सकाळपासून कळा येत होत्या, तरी बाई कुणाला बोलली नव्हती. बाईने देवाकडे पाहिलं. “इथे बाळंत झाले तर विटाळ होईल. पोरांसकट बाहेर काढतील.” पुजारी धावतच आला. “अगं, विटाळ देवळाला. मागे माझ्या घरातली खोली रिकामी आहे. सांगायचंस तरी.” बायकांनी तिला उचलून तिकडे नेलं. सुईण म्हणाली, फार उशीर झाला. बाळ रडलं नाही. पुजाऱ्याच्या बायकोने पुढे तिला लेकीसारखा शेक दिला. आत घेताना पुजाऱ्याने विटाळाचे नियम सगळ्यांना समजावून सांगितले होते. खोलीचं मात्र कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि ते माझ्याही लक्षात आज लिहितानाच येतंय.