पत्रिका न जुळलेला घोडा

आमच्या घरमालकांच्या मालकीचा पाव घोडा आहे. पाव म्हणजे नेमका कोणता भाग, असं मी पहिल्याच वर्षी गमतीने विचारलं होतं. त्यांनी आत जाऊन करारपत्राची प्रत आणली आणि मालकी अविभाज्य असल्याचं कलम दाखवलं. त्यानंतर घोड्यांबद्दल त्यांच्याशी गंमत करणं मी सोडून दिलं.

डार्मश्टाटजवळच्या एका गावात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, ते खालच्या. वय अठ्ठ्याहत्तर, विधुर, आयुष्य जमीन मोजण्याच्या सरकारी खात्यात गेलेलं. आमच्या कचऱ्याच्या डब्यांवर त्यांचं बारीक लक्ष असतं, पण माणूस सरळ. त्यांचा घोडा सपाट मैदानावर चार वेळा धावला आणि चारही वेळा शिस्तीत शेवटून दुसरा आला. अशा घोड्यांना मग अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही की मुलाला दुसरीकडे घालतात आणि नातेवाइकांना सांगतात, "यातही खूप स्कोप आहे," तसंच. जर्मनीत या शर्यती आता मोजक्याच मैदानांवर उरल्या आहेत, त्यामुळे स्कोप म्हणजे नक्की काय, हे कोणी विचारत नाही.

घोड्याची हर्डल्सची पहिली शर्यत झाली होती, सातांत सहावा. दुसरीच्या आधी ठरवायचं होतं की याला पुढे उड्या मारायला लावायचं की रपेटीसाठी एखाद्या तबेल्याला देऊन टाकायचं. बाकी तीन पाववाल्यांनी निर्णय आमच्या मालकांवर सोपवला होता, कारण फाइल त्यांच्याकडे होती. जाडजूड ऑर्डनर, रंगीत विभाजक, प्रत्येक सरावाची नोंद. फाइलमध्ये सगळं होतं, फक्त निष्कर्ष नव्हता.

त्याच उन्हाळ्यात माझे सासरे तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. पुण्यात शर्यतींचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवार त्यांना 'ऑफिसचं काम' असायचं. ते काम कॅम्पातल्या रेसकोर्सवर असतं, हे सासूबाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनाही ठाऊक होतंच, पण त्यांनी तसं कधी जाणवू दिलं नाही. पैसे लावत नसत, असं बाबा शपथेवर सांगतात. ते म्हणे फक्त घोडे बघायला जायचे.

इथे आल्यावर पहिला दीड महिना बाबांना कोणी काहीच विचारलं नाही. वॉशिंग मशीनला हात लावू नका, काचेची बाटली तिथे टाकू नका, रविवारी खिळा ठोकू नका. ज्या माणसाच्या एका सहीवर अर्ध्या पेठेचं पाणी सुटायचं, तो आमच्या बाल्कनीत बसून ट्रॅक्टर मोजू लागला. आणि एक दिवस जिन्यात घरमालकांनी मला विचारलं, "तुमचे सासरे चाळीस वर्षं घोडे बघतात, हे खरं का?"

मी वर येऊन निरोप दिला. बाबांनी लगेच दाढी केली.

"बाबा, तिकडे उड्या मारतात घोडे. तुमचा अनुभव सपाटीचा," बायको म्हणाली.

"घोडा तो घोडा. सपाटीवर काय आणि भिंतीवर काय," बाबा म्हणाले. पण नंतरचा आठवडाभर ते खाली मालकांच्या टीव्हीवर हर्डल्सच्या जुन्या शर्यती बघत बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एक जण बोटाने दाखवायचा, दुसरा मान हलवायचा. इतकं सुरळीत संभाषण त्या घरात मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे तासाभरावरच्या सरावाच्या मैदानावर गेलो. मालकांच्या मांडीवर ऑर्डनर, बाबांच्या डोक्यावर लेकीची उन्हाची टोपी. मैदानात झुडपांच्या फांद्या चौकटीत बसवून केलेले तीन अडथळे होते. आमच्या घोड्यावर तिशीतली एक जॉकी होती. एरवी ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शर्यती तिला मिळायच्या, आणि त्यातली पुढची या घोड्यावर होती.

बाबांनी आधी घोडा चालताना पाहिला. मागचे पाय, छाती, कान. पुण्यात शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला टेकून वर्षानुवर्षं पाहिले असतील तसा. "देखणा आहे," ते म्हणाले. "घराणंही बरं दिसतंय."

पहिली फेरी दुसऱ्या एका घोड्यासोबत झाली. आमच्या घोड्याने तिन्ही अडथळे झकास ओलांडले. मालकांनी काहीतरी लिहिलं. दुसऱ्या फेरीला त्याला एकट्याला सोडलं. अडथळा जवळ आला तसा त्याचा एक कान डावीकडे वळला, मग मानही जराशी वळली. सोबती दिसला नाही. मग त्याने दोन तोकडी पावलं टाकली, जवळजवळ थांबला, आणि मांजर कपाटावर चढतं तसा कसाबसा पलीकडे गेला. जॉकी मानेवरून खाली येता येता राहिली. पुढच्या दोन्ही अडथळ्यांना तेच.

"याला हे जमणार नाही," बाबा हळूच मला म्हणाले. "पायांत दोष नाही. उडी मारायच्या आधी शेजाऱ्याला विचारतो. शर्यतीत शेजारी कुठे सांगायला बसलाय?"

मालक पुढे आले. पेनचं टोपण काढलेलं होतं. "आल्झो, मग?" त्यांनी विचारलं. "त्याला भविष्य आहे का?"

आता बाबांचा स्वभाव सांगायला हवा. कोणाच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नाही. त्यातून समोरचा म्हातारा, एकटा, चार वर्षं घोड्याचा ऑर्डनर सांभाळणारा. बाबांनी क्षणभर त्या फाइलीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, पत्रिका जुळत नाही."

हे वाक्य मी चौदा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्याबद्दल होतं. आम्ही मुलगी बघून आलो, आणि चार दिवसांनी बाबांचा फोन आला: मुलगा उत्तम, घर उत्तम, फक्त पत्रिका जुळत नाही. बाबांनी आयुष्यात पंचांग उघडलं असेल तर सुट्ट्या बघायला. मुलीने पुढे आठ महिने हट्ट धरला आणि पत्रिका एकाएकी जुळली. खरं कारण मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारण्याइतका मीही शहाणा नव्हतो.

म्हणजे या वाक्याचा अर्थ मला नेमका ठाऊक होता. 'त्याला अजून वेळ द्या' किंवा 'मनाने कच्चा आहे' असं काहीही मला सांगता आलं असतं. ते न सांगता मी बाबांचं वाक्य शब्दशः जर्मनमध्ये ठेवलं. इतकी वर्षं जपलेली संधी होती, सोडवली नाही.

मालक हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "कोणाशी?"

"कोणाशी म्हणजे?" बाबा.

"जुळत नाही, तर कोणाशी जुळत नाही?"

दोन पत्रिकांशिवाय हे वाक्य उभंच राहत नाही, हे बाबांच्या बहुधा पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्यांनी हात हवेत फिरवला. असाच, समोर कुठेतरी. समोर जॉकी घोड्यावरून उतरत होती.

"आह," मालक म्हणाले, आणि लिहून घेतलं.

रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मालक, हातात दोन कागद. एकावर घोड्याचा जन्म: तारीख, गाव, पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटं. पैदाशीच्या तबेल्यातून फोन करून मिळवलेली माहिती. दुसऱ्यावर जॉकीची जन्मतारीख. "वेळ तिला ठाऊक नाही. तिच्या आईला विचारते म्हणाली," मालकांनी सांगितलं. "पण तुमचे सासरे अनुभवी आहेत. मी उद्या सकाळी ट्रेनरला फोन करून दुसरा जॉकी मागतो. हा सविस्तर हिशेब फक्त फाइलसाठी."

ते गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

"त्या पोरीला काढणार? माझ्यामुळे?"

"पत्रिका जुळत नाही म्हटल्यावर काय करतील ते?" मी म्हणालो.

"अहो, ते बोलायचं असतं! कोणी त्याचा तपास करतं का?"

"बाबा, जर्मन माणूस आहे तो," बायको आतून म्हणाली. "माझ्या सासरच्यांनीसुद्धा तेव्हा तीन ज्योतिषांना दाखवली होती पत्रिका. तिघांनीही छत्तीस गुण सांगितले होते."

हे मला नवीन होतं. बाबांना नसावं.

ते बराच वेळ बाल्कनीत उभे राहिले. खाली बागेत मालक बाकावर बसून फांद्या छाटायची कात्री पुसत होते. बाबांची अडचण मला दिसत होती. इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी त्यांना जाणकार मानलं होतं. खरं सांगायचं म्हणजे आपण थाप मारली हेही सांगायचं. न सांगावं तर उद्या सकाळी एका बाईच्या हातून वर्षातल्या चार-पाच शर्यतींपैकी एक जाणार.

"चला," ते म्हणाले. "आणि या वेळी भाषांतर नीट करा. काल तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी?"

"मला काही कळत नाही का, जावईबापू? चौदा वर्षं डूख धरून बसलात."

आम्ही खाली उतरलो. बाबा बाकावर मालकांशेजारी बसले आणि एकेक वाक्य बोलत गेले, मी सांगत गेलो. पत्रिका वगैरे काही नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणतात, म्हणजे कोणाचा दोष निघत नाही. त्या बाईचा काही दोष नाही, तिच्या जागी दुसरा कोणी असता तर पडला असता. घोडा सोबत असेल तर उडी मारतो. एकटा असला की कोणाला तरी विचारत बसतो. शर्यतीत अडथळ्यापाशी विचारायला कोणी नसतं. तुमचा घोडा गुणी आहे, पण हे काम त्याचं नाही. तुम्हाला तोंडावर सांगायला मला जड गेलं.

मालक कात्रीकडे बघत राहिले. मला वाटलं आता भाडेकराराचं काहीतरी निघणार.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते शेवटी म्हणाले. "हे ती मला दोन आठवड्यांपूर्वी म्हणाली होती. तो बाजूला बघतो म्हणाली. मला वाटलं, सबब सांगतेय." मग थोड्या वेळाने, "पण मग नाही म्हणायचं असेल तर तुम्ही नाही का म्हणत नाही?"

मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "त्यांना सांगा, हा मोठा विषय आहे."

जॉकी बदलली नाही. शर्यतीत नाव दिलेलंच होतं, म्हणून शेवटचं एकदा धावू दे असं ठरलं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे गेलो. दोन तासांवरचं छोटं रेसकोर्स, पण थाट असा की राज्याभिषेक असावा. उंच काळ्या टोप्या घातलेले मानकरी, शिंगं फुंकणारं हिरव्या कोटांतलं पथक, नगराध्यक्षांचं भाषण. भाषणात घोडा आणि मानव यांचं प्राचीन नातं होतं, आणि ते संपेस्तोवर घोडे उन्हात गोल गोल फिरत होते. बायकांच्या टोप्यांची स्पर्धाही होती. बाबा म्हणाले, "यांतल्या दोन-तीन टोप्या हर्डल म्हणून चालतील."

शर्यत नवख्या घोड्यांची होती, सहाच घोडे. पहिले दोन अडथळे आमचा घोडा घोळक्यात होता आणि सुरेख उडाला. तिसऱ्याला घोळका पुढे निघून गेला. कान डावीकडे वळला. मग उजवीकडे. अडथळ्यापाशी येऊन तो उभा राहिला, अगदी अदबीने, दार उघडायची वाट बघत असावा तसा. जॉकीने त्याला दुसऱ्यांदा नेलंच नाही. मानेवर थोपटलं आणि कडेने चालवत परत आणलं.

मालक कठड्याशी गेले. आमच्यादेखत त्यांनी तिला सांगितलं, "तुमचं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "ते ठीक, पण माझ्या जन्मवेळेचं काय? आईने शोधून ठेवलीय." मालकांनी ती लिहून घेतली. फाइल अपुरी राहिलेली त्यांना चालत नाही. ट्रेनर शेजारीच उभा होता. पुढच्या महिन्यात एक घोडी पहिल्यांदाच धावणार होती, तिच्यावर बसतेस का, असं त्याने जॉकीला विचारलं. ती लगेच हो म्हणाली. डावीकडे-उजवीकडे काही पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर मालक मागच्या सीटवर झोपले. बायकोही झोपली. बाबा माझ्या शेजारी होते. मी सरळ विचारलं, "बाबा, माझी पत्रिका का जुळत नव्हती?"

त्यांनी मागे वळून लेक झोपल्याची खात्री केली.

"तुम्हाला विचारलं होतं, चहा घेणार की कॉफी. तुम्ही आधी आईकडे पाहिलंत. मग वडिलांकडे. मग म्हणालात, काहीही चालेल."

पुढे पेट्रोलपंपाची पाटी आली. गाडी थोडी हळू झाली.

"थांबायचं का कॉफीला?" बाबांनी विचारलं.

मी आरशात बायकोकडे पाहिलं.

"बघा," बाबा म्हणाले.