शेठच्या टीममधला मोहिद्दीन

मोहिद्दीन शारजात टाइल्सच्या गोदामात स्टोअरकीपर होता. पण शारजाच्या रोल्ला भागातली कोकणी माणसं त्याला नुसतं ‘कीपर’ म्हणत, ते गोदामामुळे नव्हे. शुक्रवारी सकाळी वाळूच्या मैदानात मॅटिंग अंथरलं की तो ग्लव्ह्ज चढवून स्टंपांमागे बसायचा, आणि मॅच संपेपर्यंत त्याच्या तोंडाला खळ नसायचा.

टीम शैलेंद्र शेठची. गोदाम त्यांचं, राहायची खोली त्यांची, अकराही जणांचे पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. माणूस मात्र दिलदार. मोहिद्दीनचं बोट मोडलं तेव्हा शेठनी स्वतः गाडी चालवत त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. ते तो विसरला नव्हता.

शेठ खेळाडू आणायचे ते थेट कोकणातून, प्रत्येक वेळी वेगळ्या गावातून. का, ते मोहिद्दीनला नव्व्याण्णव साली कळलं. शेठना विधानसभेचं तिकीट मिळालं होतं.

एका गुरुवारी त्यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

“उद्या मैदानावर व्हिडिओवाला येतोय. एकेकानं आपल्या गावाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, आमचा गाव शेठच्या पाठीशी. कॅसेट गावोगाव दाखवणार. दोन मिनिटांचं काम आहे. नंतर सगळ्यांना दोनशे दिरहम वाढ. म्हणजे तेवीसशे रुपये! यल्ला, तयारीला लागा.”

मोहिद्दीनच्या गावच्या खाडीकाठी दोन वर्षांपूर्वी शेठनीच कोळंबीची तळी खणली होती. संध्याकाळी त्यानं बायकोला, शहरबानूला, फोन लावला.

“विहीर पार खारट झाली,” ती म्हणाली. “चहासुद्धा फाटतो. आपली नौशीन शाळेआधी वरच्या वाडीतून हंडा आणते. आणि तुम्ही टीव्हीवर शेठचे गोडवे गाणार? मी बायकांत कुठल्या तोंडानं उभी राहू?”

“व्हिसा त्यांचा आहे, बानू.”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली, आणि लाइन कटली.

शुक्रवारी पहिले चार जण पाठ केल्यासारखं बोलून गेले. मग मोहिद्दीन पुढे आला. आवाज आला तो स्टंपांमागचा, खणखणीत.

“गाव कुणाच्या पाठीशी ते गाव सांगेल. मी एवढंच सांगतो, कोळंबीच्या तळ्यांनी आमची विहीर खारट झाली.”

“बंद कर ते!” शेठ व्हिडिओवाल्यावर ओरडले. मग मोहिद्दीनच्या अगदी जवळ आले. “व्हिसा कुणाचा?”

“तुमचा.”

“टीम कुणाची?”

“तुमची.”

“मग?”

“मत माझं आहे, शेठ.”

रांगेत पुढचा नंबर अकाउंट्समधल्या उपेंद्रचा होता, टीमचा ओपनर. तो कॅमेऱ्यासमोर गेलाच नाही. पॅड सोडले, किटबॅगेत टाकले आणि मोहिद्दीनशेजारी येऊन उभा राहिला. बाकीचे खाली मान घालून बोलले. मोहिद्दीननं त्यांना कधी बोल लावला नाही. घरं सगळ्यांनाच होती.

चौथ्या दिवशी व्हिसा कॅन्सल, खलास. वर सहा महिने परत यायला बॅन. पासपोर्ट हातात पडला तो एअरपोर्टवर.

गावात कॅसेट दाखवली तेव्हा मोहिद्दीन पहिल्या रांगेत बसला होता. त्याचं बोलणं अर्थातच कापलेलं होतं. पडदा काळा झाल्यावर तो उठला आणि कापलेलं वाक्य सगळ्या गावासमोर पुन्हा म्हणाला. तळ्यांविरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्याची, दुसरी शहरबानूची. तरी शेठ निवडून आले. तळी तशीच राहिली. मात्र अर्ज थांबले नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी विहिरीलगतची दोन तळी बुजवावी लागली.

तोवर मोहिद्दीन दुसऱ्या कंपनीच्या व्हिसावर शारजाला परत आला होता. उपेंद्र दुबईत अल मनखूलला राहायचा. त्यालाही शेठनी काढलं होतं, आता तो दुसरीकडे नोकरीला होता. दोघांनी मिळून नवी टीम उभी केली. कॅप्टन निवडायचा तो हात वर करून. पहिल्याच सीझनला एक दुकानदार शर्ट द्यायला आला, वर म्हणाला, “हबीबी, बस मेरे एक-दो प्रोग्राम में टीम को ले आना.”

“शर्ट नहीं चाहिए,” मोहिद्दीन म्हणाला.

त्या सीझनला ते अकरा वेगवेगळ्या रंगांच्या शर्टांत खेळले. समोरची टीम हसली. मोहिद्दीननं ग्लव्ह्ज चढवले आणि बोलायला सुरुवात केली.